गाणं थांबतं तिथे

चोपड्याला बसस्टँडमागच्या गल्लीत वना आबांचं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी तिथे येतात, जुनी काळी तार उतरवतात, नवी लेवून परत शेतात जातात. दुकानाच्या मागच्या अंगाला, मोटरींच्या रिकाम्या बॉड्यांशेजारी, आबांचा मुलगा ललित लॅपटॉप मांडून बसतो. आयटीआय झालेला, हात चांगला. गिऱ्हाईक आलं की उठतो, मोटर उघडतो, बेअरिंग बदलतो. पण जीव सगळा लॅपटॉपात. ललित डबस्टेप करतो.

डबस्टेप म्हणजे काय, हे आमच्या तालुक्यात समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी ललितने एकदा आईला सांगून पाहिलं. गाणं हळूहळू चढत जातं, चढत जातं, आता फुटेल असं वाटतं, आणि ऐन तिथे सगळं थांबतं. चिडीचूप. मग खालचा जाडजूड आवाज असा कोसळतो की छाती हलते. त्या कोसळण्याला ड्रॉप म्हणतात आणि सगळी मजा त्याच्यातच असते. भागाबाईंनी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळता मळता सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मजा त्याच्यात आहे तर मग ते आधीच का नाही पाडत? ललितने त्या दिवसापासून घरात विषय काढला नाही.

त्याचं सगळ्यात जमलेलं गाणं दुकानातच जन्माला आलं होतं. तीनपैकी एक फेज गेला की विहिरीवरची मोटर फिरत नाही, जागच्या जागी गुरगुरते. खानदेशातल्या शेतकऱ्याला हा आवाज झोपेतही ओळखता येतो, कारण त्यानंतर धावत जाऊन स्टार्टर पाडला नाही तर मोटर जळते आणि आबांच्या दुकानाची पायरी चढावी लागते. ललितने ती गुरगुर मोबाइलवर टिपली, लॅपटॉपात घातली, ताणली, पिळली, वरखाली केली. गुरगुर चढत चढत जाते, मोटर आता जळणार असं वाटतं, आणि थांबते. मग ड्रॉप. गाणं त्याने ‘टू फेज’ या नावाने इंटरनेटवर टाकलं.

तिकडे ते बरं चाललं. पोलंडचा कुणीतरी, ब्राझीलचा कुणीतरी, असे लोक खाली लिहायचे. एकाने लिहिलं, ती थांबण्याची जागा जीवघेणी आहे. पण चोपडा, यावल, धुळे इथून एक माणूस ऐकेल तर शपथ. पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण केळीवाल्यांनी काढली की ललितसारख्यांनी, कोण जाणे. मित्रांच्या ग्रुपवर गाणं टाकलं की दुसऱ्या सेकंदाला अंगठा यायचा. गाणं चार मिनिटांचं. ललित काय दूधखुळा नव्हता.

बरं, मित्रांनी ऐकलं असतं तरी काय ऐकलं असतं? मोबाइलच्या चिमणीएवढ्या स्पीकरमधून खालचा आवाज येतच नाही. ड्रॉपच्या जागी नुसती फुसफुस. त्याला लागतात मोठे बॉक्स, वरातीच्या गाडीवर असतात तसले. म्हणून ललितची इच्छा एवढीच होती, आणि ती त्याला आतून खात होती, की ओळखीच्या माणसांनी, ज्यांच्यात तो लहानाचा मोठा झाला त्यांनी, तो ड्रॉप एकदा मोठ्या बॉक्सवर ऐकावा. मग नावं ठेवावीत, शिव्या द्याव्यात. पण आधी ऐकावा.

तेवढंच होत नव्हतं, आणि त्याला कारण ती थांबण्याची जागा. पोलंडमध्ये गाणं थांबलं तर लोक श्वास रोखतात. आमच्याकडे गाणं थांबलं तर लोक फ्यूज बघायला जातात. पहिल्यांदा, गाणं नुकतंच झालं होतं तेव्हा, ललितने मित्राकडून एक बॉक्स आणून दुकानात गाणं लावलं. गुरगुर सुरू होताच आबा हातातली तार टाकून उठले आणि कोणती मोटर चालू राहिली ते शोधू लागले. गाणं थांबलं तेव्हा ते मेनस्विचपाशी पोचले होते. त्यांनी खटका पाडला आणि ड्रॉप जो गेला तो गेला.

दुसऱ्यांदा यावलला, एका मित्राच्या हळदीत. अमळनेरच्या प्रेमराजची साउंडची गाडी होती, बॉक्सांची नुसती भिंत. ललितने हातापाया पडून गाणं लावायला लावलं. पोरं नाचायलाही लागली. गाणं थांबलं आणि प्रेमराजला वाटलं लॅपटॉप गेला. त्या भल्या माणसाने क्षणाचा विलंब न लावता दुसऱ्या मशीनवरून नेहमीचं अहिराणी गाणं सोडलं. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. तरीही नवरदेवाचा काका गाडीवर चढून प्रेमराजला चार शब्द बोललाच, की असला मरतुकडा सेट लग्नात आणतात का. प्रेमराजने कानाला खडा लावला.

मग ज्याला त्याला उपाय सुचू लागला, आणि प्रत्येकाचा उपाय एकच. ती मधली शांतता काढून टाक. मित्रांनी तेच सांगितलं; आई तर पहिल्यापासूनच तसं म्हणत होती. आबा काहीच म्हणाले नाहीत. ते तार गुंडाळत राहिले. ललितला सगळ्यात जास्त तेच लागलं. दोन वर्षं हा माणूस पाठीला पाठ लावून बसतो आणि मुलगा काय करतो याबद्दल चकार शब्द काढत नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

अशात मावसभाऊ स्वप्नीलचं लग्न निघालं, नरडाण्याजवळच्या गावात. स्वप्नील मनाचा मोकळा. त्याने ललितला सांगून टाकलं की माझ्या वरातीत तुझं गाणं वाजलं पाहिजे. गाडी कुणाची? प्रेमराजचीच. प्रेमराजने नवरदेवाचा मान ठेवला, पण एक अट घातली: गाणं कुठेही थांबता कामा नये.

चोपड्याहून शिरपूरमार्गे नरडाण्याला जाताना ललितने एसटीत मांडीवर लॅपटॉप घेतला आणि शांतता कापली. कापून कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकलं. गुरगुर चढली आणि तशीच घाईघाईने ड्रॉपवर जाऊन आदळली. मंगलाष्टक संपायच्या आत अक्षता टाकून जेवायला पळावं, तसं झालं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. बस नरडाण्याला पोचायच्या आत त्याने ते पुसून टाकलं आणि पेनड्राइव्हवर मूळ गाणं ठेवलं.

संध्याकाळी मंडपापुढून मारुतीकडे निघालेल्या वरातीत प्रेमराजने पेनड्राइव्ह हातात घेऊन विचारलं, ते थांबायचं काम काढलं ना? ललितने मान हलवली. नुसती मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी त्याने मनाची समजूत घातली. खोटंच होतं ते.

गाणं लागलं. अंगात शर्ट राहिला नव्हता अशी पोरं बॉक्सांपुढे आली. स्वप्नील घोड्यावर बसल्या बसल्या खांदे उडवू लागला. गुरगुर चढू लागली. ललित गाडीला लटकून उभा होता. चढली, चढली, आणि थांबली.

खानदेशात वाजती वरात एकदम गप्प झाली तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर लाईट गेली, नाहीतर कुठेतरी भांडण लागलं. प्रेमराजने ललितकडे असं पाहिलं की त्यात भांडणच होतं. पण त्याचा हात मशीनवर पडायच्या आधीच मागे जनरेटरवर बसलेल्या चिंधाने आपलं कर्तव्य बजावलं. एवढा जाड आवाज एकाएकी बंद पडला म्हणजे लोड जास्त झाला, आता जनरेटर जळणार, असं समजून त्याने जनरेटर बंद केला. झालं. बॉक्स मेले, झगमगते दिवे मेले, हवेत वर गेलेले हात हळूहळू खाली आले. घोडा तेवढा निश्चिंत होता.

लगेच गलका झाला. स्वप्नीलचे वडील प्रेमराजवर, प्रेमराज चिंधावर आणि चिंधा जनरेटरवर. प्रेमराजने ललितचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, “वना आबाले बलावा.”

बरोबरच होतं. वरातीत मोटरीचा जाणकार असताना दुसऱ्या कुणाला कशाला बोलवायचं? आबा मंडपाच्या कडेला म्हाताऱ्यांत खुर्ची टाकून बसले होते. लोकांनी त्यांना उठवून, जवळजवळ उचलूनच गाडीवर चढवलं. ललितला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. आबा जनरेटर तपासणार, त्यात काही दोष निघणार नाही, आणि मग दोष कुणाचा हे सगळ्या गावासमोर, सगळ्या नातेवाइकांसमोर निघणार. यापुढे लग्नाच्या पत्रिका वाटताना लोक त्याच्या घरी येऊन सांगतील, या, पण गाणं आणू नका.

आबांनी जनरेटरवर हात ठेवला. चिंधाला हळू आवाजात काहीतरी विचारलं. मग मान वळवून ललितकडे पाहिलं, आणि चिंधाला जनरेटर सुरू करायला सांगितला. तो पहिल्या झटक्यात सुरू झाला. दिवे लागले. लोकांनी हुश्श केलं आणि प्रेमराज नेहमीचं गाणं शोधू लागला. आबांनी त्याच्यासमोरचा माइक उचलला. त्यात दोनदा फुंकर मारली.

“जनरेटर चांगलं शे,” आबा म्हणाले. “लाईट गयी नही व्हती. पोऱ्यानं गानं तठे थांबस. मी ऐकेल शे. दोन वरीसपाईन ऐकी ऱ्हायनू.”

मग ते प्रेमराजकडे वळले.

“प्रेमराज भाऊ, पहिल्यापाईन लाव. आनि मना हात वर शे तवलोंग कोनी कसालेच हात लावू नका.”

आता वना आबांपुढे प्रेमराज काय बोलणार? त्याने गाणं पहिल्यापासून लावलं. आबा बॉक्सांच्या भिंतीपुढे उभे राहिले, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं. गुरगुर सुरू झाली. आणि यावेळी लोक नुसते नाचत नव्हते, ऐकत होते. मागून एक शेतकरी म्हणाला, “मोटर दोन फेजवर चालनी रे,” आणि लोक हसले. पण गुरगुर चढू लागली तसं हसू कमी झालं. त्यातल्या प्रत्येकाची कधी ना कधी मोटर जळलेली होती. हा आवाज वाढत गेला की पुढे काय होतं हे त्यांना पोलंडच्या माणसापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. एक म्हातारा तर नकळत स्टार्टर पाडायला निघाल्यासारखा दोन पावलं पुढे आला.

आबांनी हात वर केला. गाणं थांबलं.

पाऊणशे माणसांची वरात, त्यात पोरं, त्यात मामे, त्यात सकाळपासून रुसलेले पाहुणे, आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही. चिंधा दोन्ही हात मांडीखाली घालून बसला. हजारो वेळा ऐकलेल्या त्या गाण्यात ललितला पहिल्यांदाच धास्ती वाटली, की पुढचं आता येतंय की नाही.

आबांचा हात खाली आला आणि ड्रॉप पडला.

काय सांगावं? मंडपाच्या कनातींनी धूळ झटकली. भागाबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशाच हसत राहिल्या. स्वप्नील घोड्यावरून उतरला, नवरदेवाने उतरू नये हे कुणालाच आठवलं नाही. मामे नाचले, रुसलेले पाहुणे नाचले, प्रेमराज मशीनवर वाकून मान हलवत होता, आणि ललित गाडीची दांडी धरून लहान मुलासारखा रडत होता. त्याला त्याची लाज वाटली नाही, आणि एवढ्या आवाजात ते कुणाला ऐकूही गेलं नाही.

गाणं संपलं. लोक पुन्हा लाव म्हणून ओरडत होते. आबा खाली उतरायला निघाले तेव्हा ललित पुढे झाला. त्यांनी त्याच्या खांद्यावर भार टाकून एक पाय खाली टेकवला, मग दुसरा. ललितला खूप काही बोलायचं होतं. आबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. ते खुर्चीकडे वळले, दोन पावलं गेले आणि परत आले.

“चांगलं शे,” ते म्हणाले. “पन तठे आजून जराखं थांबाले पाहिजे व्हतं.”