न भरणाऱ्या जखमेवरची टकटक

माझे आता वय झाले आहे, मित्रांनो. मी दाबाच्या लाटा सोडणारे रुग्णालयातले यंत्र. माझ्या नळीच्या टोकाला मुठीत मावेल असे डोके आहे. ते अंगाला टेकवले की टकटक होते आणि लाट आत शिरते.

नवे होते तेव्हा मी खेळाडूंच्या टाचा बऱ्या केल्या. डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायचे. पुढे टाचांसाठी दुसऱ्या तऱ्हेची यंत्रे आली आणि माझ्यावर चादर पडली.

ती काढली ड्रेसिंगच्या सिस्टरने. समोर एक बसचालक काका बसले होते, शेजारी त्यांची बायको. साखरेच्या आजारामुळे त्यांच्या उजव्या तळव्याची जखम पाच महिने भरत नव्हती. सर्जनने तीन आठवडे दिले होते. नाहीतर पाय कापायचा.

"याने काय होणार?" काकू रडवेल्या झाल्या.

"काकू, जखमेतल्या पांढऱ्या पेशी नुसत्या भांडत बसल्यात, डागडुजी विसरल्यात. लाटेचा धक्का बसला की काही कामाला लागतात. पण खात्री नाही देत," सिस्टर म्हणाली.

"खात्री कोण मागतंय?" काका म्हणाले. "पाय गेला तर ब्रेक कशाने दाबू?"

आठवड्याला दोन खेपा ठरल्या. चौथ्या खेपेला जखमेच्या कडेला गुलाबी मांस दिसले. काकूंनी मला हात जोडले.

पण माझ्या आतला, ठोका मारून लाट उठवणारा दट्ट्या झिजत आला होता. सिस्टरने नव्या दट्ट्यासाठी तीन अर्ज केले. भांडारातले साहेब म्हणाले, "जुन्यावर खर्च कशाला? बघू."

पाचव्या खेपेला मी घरघरले आणि गप्प झाले. सिस्टरने वायर काढली, पुन्हा लावली, मला थोपटले. "चल ना बाबा, दोनच खेपा राहिल्यात!" मी जीव तोडून धडपडले. एकही ठोका पडला नाही. बघता बघता जखम काळवंडली. काकांचा पाय घोट्याच्या वर कापला.

दट्ट्या त्यानंतर अकरा दिवसांनी आला.

मित्रांनो, यंत्र कुरकुरते तेव्हा ते मदत मागत असते. तेव्हाच ऐका. उशिरा आलेल्या दट्ट्याने मी चालू झाले, पाय परत आला नाही.

काल, चार महिन्यांनी, काका कुबड्यांवर आले. डाव्या टाचेला जखम झाली आहे. काकू दाराशीच थांबल्या. सिस्टरने मला सुरू केले, तेव्हा काकांनी माझ्या डोक्यावर तळहात ठेवला.

"आता एकच उरलाय," ते हळूच म्हणाले. "बंद पडू नकोस."