रिकामा काटा

तू माझ्या बापाला तीस वर्षं फसवलंस. देव म्हणवतोस, आणि एका साध्या माणसाला एकदाही सरळ उत्तर देता आलं नाही तुला. आता मी बोलते, तू ऐक.

बाबा तराजू दुरुस्त करायचे. सगळी बाजारपेठ त्यांना काटेवाले म्हणायची. खांद्याला पिशवी, पिशवीत कानस, पक्कड आणि पितळी वजनांची पेटी. दुकानात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं: "माल उतरवा. काटा रिकामा बघू द्या." रिकामा काटाच खोटं बोलत असेल तर भरलेला काय डोंबल खरं बोलणार? भल्याभल्यांनी मारलेली दांडी त्यांनी या एका वाक्यावर पकडली होती.

घरातला एक काटा मात्र त्यांनी कधी तपासला नाही. औषधवाल्याचा, काचेच्या पेटीतला, लहानसा. आजोबांनी मरताना तो त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, अडलास की याच्यावर देवाला विचार. रीत ठरलेली. आंघोळ करायची. एकाच कागदाच्या दोन सारख्या चिठ्ठ्या करायच्या. उजव्या पारड्यात 'हो', डाव्यात 'नाही'. हात जोडायचे आणि मग दांडी अडकवून ठेवणारी खिट्टी सोडायची. जे पारडं खाली जाईल ते तुझं उत्तर.

तुझं उत्तर कायम 'नाही'. मोठ्या कारखान्यात काटे तपासायची पक्की नोकरी चालून आली, नाही. गळकं घर सोडायचं होतं, नाही. मला नर्सिंगला जायचं होतं, नाही. आज मी त्याच नर्सिंगच्या शाळेतल्या पोरींचे गणवेश शिवते.

आई म्हणायची, "तुमचा देव खिडकीवरचा कारकून आहे हो. अर्ज न वाचताच परत करतो."

बाबा हसायचे नाहीत. "त्याला पुढचं दिसतं," म्हणायचे.

गेल्या महिन्यात आईच्या हृदयाची झडप निकामी झाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं नाही तर वर्षभर, कदाचित त्याहून कमी. केलं तर दहा-पंधरा वर्षं, पण टेबलावरून उठेलच याची खात्री नाही. संध्याकाळपर्यंत सही हवी.

"घरी जाऊन विचारून येतो," बाबा म्हणाले.

"कुणाला?"

बाबांनी बोट वर केलं. डॉक्टरांनी वर पाहिलं. वर पंखा फिरत होता.

आई खाटेवरून म्हणाली, "हे देवाला विचारणार, ही डॉक्टरांना विचारणार. मला विचारायचं कुणाला सुचतंय का, बघत पडलेय मी."

आम्ही दोघंही हसलो. हसलो आणि निघालो.

घरी बाबा आंघोळीला गेले आणि मी काचेची पेटी उघडली. का उघडली? कारण 'नाही' आलं असतं. येणारच होतं, मला ठाऊक होतं. पारडी रिकामी होती. मी खिट्टी सोडली. डावं पारडं खाली गेलं. पुन्हा अडकवली, पुन्हा सोडली. पुन्हा डावंच. ते आकड्यावरून काढून उलटं केलं. तळाला शिशाचा डाग दिलेला होता, मसुरीच्या दाण्याएवढा. आजोबांच्याही आधी कुणीतरी भोक बुजवलं असेल.

एवढासा होतास तू. बापाची नोकरी, घर, माझं शिक्षण, सगळं या एवढ्याशा शिशाच्या थेंबानं ठरवलं. आणि तू वरून बघत बसलास.

न्हाणीतलं पाणी थांबलं. तेव्हाच दार वाजवून ओरडायला हवं होतं, बाबा, बाहेर या, हे बघा. नाही ओरडले. मी पारड्यांची अदलाबदल केली, खिट्टी लावली आणि पेटी बंद केली.

बाबांनी चिठ्ठ्या ठेवल्या, हात जोडले. उजवं पारडं खाली गेलं.

"अगं, हो म्हणाला. बघ ना. हो म्हणाला तो!"

इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओल्या केसांनीच ते दवाखान्यात पळाले आणि सही केली.

"काय म्हणाला तुमचा कारकून?" आईनं विचारलं.

"हो म्हणाला."

तिनं चष्मा काढला. मग "बरं," म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "चष्मा तुझ्याकडे ठेव. आत घालू देत नाहीत."

आई टेबलावरून उठली नाही.

आज तेविसावा दिवस. बाबा कामावर जात नाहीत. ते तुला बोल लावत नाहीत, हेच मला सहन होत नाही. ते स्वतःच्या चुका शोधतात. आंघोळ घाईत केली असेल. हात जोडले तेव्हा मन थाऱ्यावर नसेल. काल विचारत होते, "लहानपणी मी एका दुकानातून पाच ग्रॅमचं वजन उचललं होतं गं. ते असेल का?"

"नाही हो बाबा."

"मग काय चुकलं माझं? तो तर चुकत नाही."

खरं सांगितलं तर त्यांच्या हातून तीस वर्षं जातील, मी जाईन आणि तूही जाशील. नाही सांगितलं तर हा माणूस न केलेल्या पापाची कबुली देत देत मरेल. आईला मीही विचारलं नव्हतं. पारडी मीच बदलली होती. माझं मी नाकारत नाही. तुझं काय?

दुपारचे तीन वाजलेत. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत, जागे आहेत. मी चहा घेऊन दारात उभी आहे. आत गेले की ते पुन्हा तेच विचारणार. काय सांगू त्यांना? या वेळी मी विचारतेय, आणि मध्ये काटा नाही. बोल.