तिसऱ्या घंटीच्या आत

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी माझा रिसीव्हर कानाला लावलाच, तर आत काही ऐकू येणार नाही. मी एक जुना काळा टेलिफोन आहे आणि माझी तार कधीच कापली गेली आहे. तरी मला स्वस्थ बसवत नाही. तळघरातल्या या फळीवर, काळवंडलेल्या करंडकांच्या शेजारी, मी अजून वाजायच्या तयारीत असतो. सवय जात नाही, दुसरं काय.

माझा जन्म शिकागोजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात दोन लहान घंटा बसवल्या, तारा जोडल्या आणि मला खोक्यात घातलं. तिथून मी आयोवातल्या एका कॉलेजच्या गावी आलो. विटांच्या तिमजली घरात, जिन्याखालच्या कोनाड्यात मला भिंतीवर ठोकलं. घराच्या दारावर तीन ग्रीक अक्षरं होती, तेच त्यांच्या विद्यार्थी-मंडळाचं नाव, आणि आत बावन्न मुलगे राहत. ते स्वतःला बंधू म्हणवत. त्यांच्या मंडळाचे नियम इतके होते, की ते सांभाळायला एक वेगळा बंधू नेमावा लागे.

दर वर्षी पानगळीत दहा-बारा नवी मुलं उमेदवार म्हणून यायची. हिवाळा सरताना शपथ घेऊन ती बंधू व्हायची. तोवर बंधूंना 'मिस्टर' म्हणायचं, जिने झाडायचे आणि माझी चाकरी करायची. मला तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचं, हा नियम. चौथी वाजली तर बर्फातून घराभोवती तीन फेऱ्या, तेही नुसत्या मोज्यांवर. मी जरा किणकिणलो की वरून कोणीतरी धाडधाड जिना उतरत यायचं. खोटं कशाला बोलू, मी माजलो होतो. कधीकधी वाटायचं, हे सगळं घर माझ्याच भोवती बांधलंय.

बारा वर्षं मी कुणाच्या आया, कुणाचे न्हावी, टेकडीवरच्या वसतिगृहातल्या मुली, सगळ्यांचे आवाज पोहोचवले. माझं कौतुकही झालं. मग १९६१ चा फेब्रुवारी आला.

त्या वर्षीच्या उमेदवारांत मर्ल द्वोराक नावाचा शेतकऱ्याचा मुलगा होता. उंच, जाड बोटांचा, कमी बोलणारा. कोणी न सांगता तो बाहीच्या टोकाने मला पुसायचा. शपथेच्या दिवसासाठी त्याच्या आईने गडद निळा कोट शिवून घेतला होता. तो वर कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, आणि शपथेला आठच दिवस उरले होते.

त्यांच्यावर देखरेख होती लॉवेल ब्रँडवोल्डची. नियम सांभाळणारा बंधू तोच. मनाने वाईट नव्हता, पण त्याला सारखी गंमत लागायची. दर वर्षीप्रमाणे त्याने 'मौनाचा शनिवार' पुकारला. नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत उमेदवारांनी अवाक्षर काढायचं नाही. जो बोलेल त्याच्या उमेदवारीवर सोमवारच्या सभेत मतदान, आणि एका जरी बंधूचं मत विरुद्ध गेलं तर घरातून बाहेर.

"आणि फोन, मिस्टर ब्रँडवोल्ड?" एकाने नाश्त्याआधी विचारून घेतलं.

"फोन तिसऱ्या घंटीच्या आतच. उचलायचा आणि नखाने टकटक करायची. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. डोकं वापरा की लेको."

गावातल्या लोकांना हे ठाऊक होतं. सकाळभर टेकडीवरच्या मुली मुद्दाम फोन करून मर्लला छळत होत्या. "आज तू मला नाचायला नेणार ना? एक टक कर हं." तो लाल होऊन दोन टक करायचा. माझीही करमणूक चालली होती.

दुपारी तीनला मी पुन्हा वाजलो. दूरच्या गावचा फोन होता, आवाज बारीक आणि घाईचा.

"लॉवेल आहे का? मी त्याची बहीण, आर्डिस. बाबांना हॉस्पिटलात आणलंय. हृदयाचं आहे. चारला ऑपरेशनला आत नेणार. त्याआधी त्यांना लॉवेलशी बोलायचंय. ऐकताय ना?"

मर्लने एक टक केली.

"हॅलो? कोण आहे?"

पुन्हा टक. मग त्याने माझा रिसीव्हर तारेवर लोंबकळत सोडला आणि तो बैठकीच्या खोलीकडे धावला. तिथलं सगळं मला ऐकू येत होतं. लॉवेल पत्ते खेळत होता. मर्लने त्याची बाही ओढली असावी, कारण लॉवेल हसत म्हणाला, "अरे, हा तर नाटक करतोय. खूण नीट कर बाबा. काय आहे, घोडा? रडणारा घोडा?" खोलीभर हशा झाला. इकडे माझ्या आत आर्डिस दोनदा हॅलो म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. पण मी दुसऱ्याचं बोलणं नेणारा, माझं स्वतःचं मला काही बोलता येत नाही.

मर्लने परत येऊन रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि पाच मिनिटांनी तिचा फोन पुन्हा आला. मर्ल माझ्यासमोरच उभा होता. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्याने मला उचललं.

"ठेवू नका," तो म्हणाला. "मी त्याला आणतो. ठेवू नका, बाई." आणि मग सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "लॉवेल, तुझे वडील."

हशा थांबला. लॉवेल आला, वडिलांशी बोलला. काय बोलला ते मी सांगणार नाही. मग कोणाशी एक शब्द न बोलता कोट घेऊन बसकडे पळाला.

सोमवारी संध्याकाळी सभा भरली. सभेत उमेदवारांना मज्जाव असतो. दार लावण्याआधी अध्यक्ष क्लिफ्टन राबे कोनाड्यात आला आणि त्याने माझा रिसीव्हर काढून खालच्या स्टुलावर आडवा ठेवला. सभेत व्यत्यय नको म्हणून तो दर सोमवारी असंच करायचा. मला हे कधीच आवडलं नव्हतं. त्या दिवशी तर जीव कासावीस झाला.

दाराआडून बोलणं येत होतं. "वडिलांचा प्रश्न होता रे," एकजण म्हणाला. "मान्य," दुसरा म्हणाला, "पण तोंड कशाला उघडायचं? जाऊन बाही ओढायची. न बोलता जमलं असतं." शनिवारी लॉवेलबरोबर पत्ते खेळणारे चौघे तिथेच होते. कोणी बोललं नाही. मर्लने बाही ओढलीच होती आणि आपण नुसते हसलो, हे त्यांच्यापैकी कोणाला सांगायचं नव्हतं. मर्ल जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होता. एक मत विरुद्ध गेलं. एकच पुरलं.

त्याच रात्री मर्लने बॅग भरली. जाताना रिसीव्हर माझ्यावर नीट ठेवला.

लॉवेल बुधवारी परतला. "सोमवारी मी अकरा वेळा फोन लावला," तो क्लिफ्टनला म्हणाला. "सारखा गुंतलेला. मला सांगायचं होतं, तो आला होता माझ्याकडे. मीच घोडा-घोडा करत बसलो."

"आता पुढच्या वर्षापर्यंत त्याचं नाव पुन्हा मांडता येत नाही," क्लिफ्टन म्हणाला. "नियम तुझ्याच वहीत आहे."

लॉवेलने मला उचललं आणि मर्लच्या नव्या खोलीवर फोन लावला.

"वडील कसे आहेत?" मर्लने आधी हेच विचारलं.

"उठून बसतात. सुपावरून नर्सशी भांडतात."

"मग बरे आहेत."

"मर्ल, पुढच्या वर्षी मी स्वतः तुझं नाव मांडतो. परत ये."

"नको रे. इथली घरमालकीण रविवारी खसखशीचे गोड पाव करते." मग मर्ल म्हणाला, "त्या चौघांना ठाऊक होतं, लॉवेल. मी दाराबाहेरच होतो."

रिसीव्हर लॉवेलच्या हातात बराच वेळ राहिला, पलीकडून ठेवल्यानंतरही.

पुढे खोल्याखोल्यांत फोन आले आणि मला खाली आणून टाकलं. माजी बंधू जमतात तेव्हा कोणी माझी तबकडी फिरवून हसतो. वरच्या भिंतीवर त्या वर्षीचा मोठा फोटो आहे म्हणे, सगळ्यांचे चेहरे ओळीने. त्यात मर्ल नाही.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली आहे, ती बसू द्या. मला पुसा असं माझं मागणं नाही. पण कोणाबद्दल काही ठरवायला बसाल, तेव्हा रिसीव्हर काढून ठेवू नका. आणि तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट त्याच्या बाजूची असेल, तर ती तिथेच, दार उघडायच्या आत बोला. बुधवारी बोलून उपयोग होत नाही.