अरुंद अंगाचा, जाड पायांचा

मी एक टाईप बोलतोय. टाईप म्हणजे छापखान्यातली लाकडी इंग्रजी अक्षरं. आमचं अख्खं कुटुंब मिळून एकच जीव. अंगाने अरुंद, उंचीला ताड, आणि रेघांच्या टोकाटोकाला चौकोनी जाड बूट घातलेला. अंधेरीच्या अण्णांच्या छापखान्यासाठी मला विलायतेहून आणलं, तेव्हा माझ्या वजनाने बोट एका अंगाला कलली होती. खोटं वाटत असेल तर समुद्राला विचारा.

गुबगुबीत टाईप लग्नपत्रिकेत मिरवतात. मी भिंतीवरचा गडी! कुस्ती, लिलाव, हरवलेली म्हैस... वर्सोव्याच्या होड्यांतून लोक मला वाचायचे, किनाऱ्याला लागायच्या आधीच.

चोपन्न साली रत्नप्रभा वालावलकर नावाची तरुण डॉक्टरीणबाई आली. दुसऱ्या दिवशी वाकोल्यात तिचा दवाखाना उघडायचा होता. तिथल्या ख्रिस्ती बायका इंग्रजी वाचणाऱ्या, म्हणून जाहिरात इंग्रजीत. 'डॉ.' धरून नावाचीच तेवीस अक्षरं. दुसऱ्या टाईपाला दोन ओळी लागल्या असत्या. मी एकीत बसवणार होतो. पण आमच्यात 'ए' सातच. साहेबाच्या भाषेला 'ई' फार लागतो, आपल्या नावांना 'ए'. हिला हवे होते आठ!

अण्णा म्हणाले, "नुसतं आर. वालावलकर छापू. सुटसुटीत."

"म्हणजे बायका समजणार, पुरुष डॉक्टर आहे. दुखणं अंगावर काढतील, पण पायरी चढायच्या नाहीत."

"मग शेवटचा ए दुसऱ्या टाईपातला घेऊ. जरा बुटका दिसेल, एवढंच."

"मी काय शेवटी शेवटी कमी डॉक्टर होते, अण्णा?"

अक्षरं जुळवणारा काशीराम मालवणचा. तो म्हणाला, "बाई, वायच थांबा." त्याने माझा 'व्ही' उचलून उलटा केला आणि काडेपेटीतली काडी, गूल मोडून, मधे आडवी चिकटवली. झाला ए! जन्मभर डोक्यावर बूट घेऊन उभा असलेला आमचा गडी पहिल्यांदा पायांवर उभा राहिला.

"काडी टिकेल ना रे?" अण्णांनी विचारलं.

"नाय टिकली तर दुसरी आसा. पेटी भरलेली आसा."

चार काड्या मोडल्या, पण पन्नास कागद निघाले.

दुसऱ्या दिवशी वाकोल्याच्या भिंतीवर मी होतोच. पोटुशी एक बाई थांबली. बोट फिरवत तिने नाव शेवटपर्यंत वाचलं आणि मागे वळून ओरडली, "अगो, बाईमाणूस हाय!" ती पायरी चढली. तिच्यामागून दोघी. संध्याकाळपर्यंत रांग पार कुर्ल्यापर्यंत गेली. बरं, गल्लीच्या टोकापर्यंत.

आता कडा झिजल्यात, शाई हाडांत मुरलीय. पण मजेत आहे. एकच सांगणं. लेकीसुनांची नावं तोडून आणू नका. पूर्ण आणा. आम्ही जरा सरकून घेऊ.