शुक्रवारचा फोन

मोकने लॅपटॉपच्या पाठीवरचा शेवटचा स्क्रू काढला, झाकण उचललं आणि पंख्यात अडकलेली धूळ ब्रशने हलकेच झाडली. धुळीत रंगीत दोऱ्यांचे तुकडे होते. निळे, पिवळे, एक चकाकता जरीचा.

"शिवणकाम करता वाटतं?"

"पडदे शिवते," समोरची बाई म्हणाली. "नमुने सगळे यातच आहेत. तेवढे वाचले म्हणजे झालं. बाकी काही नको."

ती उभीच होती. पलीकडच्या गाळ्यातून वायरी विकणाऱ्या प्यो बाईंनी मान बाहेर काढली.

"अहो मोक, गिऱ्हाइकाला उभं का ठेवलंय? तुमच्या स्टुलावर राजा बसायचाय का?"

मोकने स्टुलावरचे सुटे भाग उचलले, स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवलं. बाई बसली. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस, केस घाईने बांधलेले. पावतीवर तिने नाव लिहिलं होतं, बान उन-जू. पत्त्याची ओळ रिकामी ठेवली होती.

"देजॉनमध्ये एवढी दुकानं, तुम्ही दोन जिने चढून माझ्याकडे कशा?"

"लॅपटॉपच्या तळाला तुमच्याच दुकानाचा स्टिकर होता. नवऱ्याने कधीतरी इथे आणला असेल. फार हळू चालतो आता. व्हायरस असणार."

"बघतो."

झाकण लावून त्याने लॅपटॉप सुरू केला. तपासणीचा प्रोग्राम चालवला. व्हायरस एकही सापडला नाही. मग सवयीने त्याने प्रिंटरच्या फायली ठेवायची जागा उघडली आणि त्याचा हात थांबला. तिथे एक फोल्डर होतं. त्याला नाव प्रिंटरचं होतं, पण आत प्रिंटरचं काही नव्हतं. या नावाने, या जागी वस्तू लपवणारा माणूस त्याला नीट ठाऊक होता. तो आता त्या स्टुलासमोर, कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता.

हाच लॅपटॉप घेऊन आलेला तो गृहस्थ त्याला आठवला. राखाडी कोट, अदबीचं बोलणं, येताना आणलेली पर्सिमन फळांची पेटी. मुलीचं परीक्षेचं वर्ष आहे, ती काय करते ते कळायला हवं, असं म्हणाला होता. मोकने लॅपटॉप उघडला तेव्हा मुलीचं त्यात काहीच नव्हतं. पडद्यांचे नमुने होते, कापडाचे दर होते, दोन बायकांचे समुद्राकाठचे फोटो होते. त्याने ते पाहिले होते. विचारलं काहीच नव्हतं. अर्ध्या तासात काम करून दिलं होतं.

"सापडला?" तिने विचारलं.

"हो," मोक म्हणाला. "व्हायरसच दिसतोय. काढून टाकतो."

तिने सुस्कारा सोडला. माणूस धास्तीतून सुटला की बोलू लागतो, तशी ती बोलू लागली.

"बरं झालं. या महिन्यात सगळं एकदमच आलंय. घर सोडलं, खोली घेतली. कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. आणि परवा सकाळी खिडकी उघडते तर नवरा खाली उभा, वर बघत. याला पत्ता दिला कोणी, तेच कळत नाही." ती हसल्यासारखी झाली. "मागच्या वेळी निदान आळ घ्यायला ताई तरी होती."

मोकने बोटं कीबोर्डवरून उचलली.

"मागच्या वेळी म्हणजे?"

"दोन वर्षं झाली. तेव्हाही निघायचं ठरवलं होतं. कुनसानला, ताईच्या गावी. खोली बघून ठेवली होती, फक्त तिला माहीत होतं. एका संध्याकाळी जेवताना याने चमचा खाली ठेवला आणि सगळं म्हणून दाखवलं. कोणता मजला, कोणता महिना, खिडकी कुठल्या बाजूला. ताईशिवाय कोण सांगणार?"

ती पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"खोलीचा पत्ता," मोक म्हणाला, "तुम्ही यात लिहिला होता का? तेव्हाही आणि आताही?"

"घरमालकाला लिहायला नको?"

मोकने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे वळवला. बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज गिऱ्हाइकांशी बोलायचा राहिला नव्हता.

"बाई, मी खोटं बोललो. हा व्हायरस नाही. व्हायरस वाटेने येतो, कोणाच्याही घरात शिरतो, नासधूस करतो, एकाचा दुसऱ्याला लागतो. त्याला तुमचं नावही माहीत नसतं. हे दुसरं आहे. हे मोडत काही नाही. गप्प बसून बघतं. तुम्ही काय लिहिता, काय वाचता, ते दर दहा मिनिटांनी बाहेर कळवतं."

"कोणाला?"

त्याने पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. नवऱ्याचा ईमेल पत्ता तिने दोनदा वाचला.

"हे आपोआप आलं?"

"यातले काही येतात आपोआप, फुकटच्या प्रोग्रामांबरोबर. हे आलेलं नाही. हे कोणीतरी हाताने बसवलंय."

"त्याला टीव्हीचं बटण धड दाबता येत नाही."

"त्याने नाही," मोक म्हणाला. "मी."

आता ही ओरडेल, लॅपटॉप अंगावर फेकेल, असं मोकला वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. ती फक्त पुढे वाकली.

"तारीख दिसते का यात?"

"अकरा नोव्हेंबर. दोन वर्षांपूर्वीची."

तिने बोटांवर दिवस मोजले.

"मी ताईला फोन केला तो नंतरचा शुक्रवार. हिवाळ्यासाठी कोबीची किमची घालायचा आठवडा होता. ताई म्हणाली, थांब, हातांना मीठ लागलंय, धुऊन येते. मी थांबले नाही. होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. तीनदा म्हणाली, मी नाही सांगितलं गं. तीनदा." तिने बोटं मिटली. "यंदा मार्चमध्ये गेली. पोटाचं दुखणं होतं. आजारपण मला कळू दिलं नाही तिने. उन-जूला आधीच कमी त्रास आहे का, म्हणाली म्हणे."

मोकने मान खाली घातली.

"तुम्ही आज त्या खोलीवर जाऊ नका," तो म्हणाला. "हे मी आत्ता काढत नाही, पुरावा आहे. पोलिसांकडे चला, मी येतो. काय केलं ते सांगतो."

"जाऊ. आधी एका कागदावर लिहून द्या."

"पोलिसांसाठी?"

"भावोजींसाठी. येत्या मार्चमध्ये ताईचं वर्षश्राद्ध आहे. जिने तिला खोटं पाडलं तिने पानासमोर वाकायला यायचं नाही, म्हणालेत. बरोबरच म्हणालेत."

मोकने दुकानाचा कागद घेतला. हा प्रोग्राम मी अमुक तारखेला बसवला, खोलीची बातमी याच लॅपटॉपमधून गेली, असं लिहिलं. खाली सही केली, शिक्का उमटवला. तिने तो वाचला आणि परत त्याच्यापुढे ठेवला.

"यात ताई कुठे आहे? तिने सांगितलं नव्हतं, तेही लिहा."

"नाव काय त्यांचं?"

"बान ह्यन-सुक."

त्याने लिहिलं. परक्या बाईचं, त्यातून गेलेल्या माणसाचं नुसतं नाव लिहायला त्याला अवघड वाटलं. 'ह्यन-सुकताईंनी सांगितलं नव्हतं,' असं लिहून त्याने कागद वळवला.

उन-जूने त्यातल्या 'ताई'वर नख ठेवलं.

"हे काढा. नुसतं नाव लिहा," ती म्हणाली. "ताई माझी होती."

मोकने तो कागद बाजूला ठेवला, दुसरा घेतला आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली.