दोन पन्नासची फेरी

ऑफिसात त्याला सगळे तराजू म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीनं, आणि शेवटी शेवटी तर आदरानंच. शहराच्या बससेवेच्या नियोजन विभागात तो तेवीस वर्षं मोजणीदार होता. थांब्यावर खुर्ची टाकून बसायचं, येईल त्या बसमध्ये किती चढले, किती उतरले ते तक्त्यात लिहायचं आणि संध्याकाळी खाली सही करायची, एवढंच काम. बाकीचे मोजणीदार अंदाजानं पंधरा, वीस असं टाकून मोकळे होत. तराजूच्या तक्त्यात एकोणीस म्हणजे एकोणीस. कडेवरचं मूल धरायचं की नाही यावर त्यानं एकदा वरिष्ठांना दोन पानी पत्र लिहिलं होतं.

पूर्वी या शहरात बस कोणाच्याही शब्दावर वळायची. नऊ नंबरची बस एका नगरसेवकाच्या सासुरवाडीवरून वळसा घालून जायची. सासरे वारले, मेहुणे घर विकून गेले, तरी वळसा आपला तसाच. मग नव्या नियोजन अधिकारी बाई आल्या आणि त्यांनी नियमावली केली. मोजणीशिवाय एकही फेरी सुरू करायची नाही, बंदही करायची नाही. आणि एकदा मान्य झालेली मोजणी तीन वर्षं कायम, मोजणीच चुकीची होती असं सिद्ध झालं तरच फेरमोजणी. हे शेवटचं कलम तराजूनंच सुचवलं होतं.

"नाहीतर मॅडम, उद्या कोणीही उठेल आणि पुन्हा मोजा म्हणेल."

"तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून असा नियम करता येतो," बाई म्हणाल्या होत्या. हे वाक्य त्यानं त्या दिवशी घरी जाताना चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं.

आता टेकडीच्या मार्गाची मोजणी झाली त्या दिवसाचं. हॉस्पिटलचा थांबा टेकडीच्या पायथ्याशी होता. सकाळी सातपासून तो खुर्चीवर बसून होता. दीडच्या बसचे आकडे लिहून झाल्यावर बाटलीतलं पाणी संपलं, म्हणून तो समोरच्या सार्वजनिक वाचनालयात शिरला. पाणी प्याला. दाराशीच नव्या पुस्तकांचं कपाट होतं. होडीनं एक नदी मुखापासून उगमापर्यंत उलटी चढत जाणाऱ्या कुणाचं तरी प्रवासवर्णन त्यानं नुसतं चाळायला म्हणून काढलं आणि खिडकीजवळ बसला. खिडकीतून थांबा दिसत होता. म्हणजे बसचं टप दिसत होतं. पहिल्या बसच्या आवाजाला त्यानं मान वर केली. दुसरीच्या वेळी नुसता आवाज कानावर पडला. पुढं नदीत एक धबधबा आडवा आला, होडी खांद्यावर घेऊन कडा चढायचा होता. त्यानं घड्याळ पाहिलं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. पाच फेऱ्या येऊन गेल्या होत्या.

परत खुर्चीवर बसून त्यानं पाच रकाने भरले. तीन, शून्य, एक, दोन, एक. भर उन्हाची वेळ, कोण असणार? सगळीकडे शून्य टाकलं नाही, कारण ते संशयास्पद दिसलं असतं. पाच टाकला नाही, कारण पाच हा आळशी माणसाचा आकडा. खोटा आकडा खरा कसा दिसतो, हे त्याच्याइतकं त्या खात्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तो राहायचा टेकडीवर, थोरल्या भावाच्या घराच्या माडीवर. लग्न केलं नव्हतं. भाऊ जाऊन तीन वर्षं झाली होती आणि दोन वेळचं जेवण वहिनीकडेच होतं. वहिनी हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला जायची. किती वाजता जाते, किती वाजता येते हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो ऑफिसातून यायचा तेव्हा ती घरात असायची आणि पान वाढलेलं असायचं.

त्या संध्याकाळी वाढता वाढता ती म्हणाली, "भाऊजी, आज दोन पन्नासच्या बसला आले तेव्हा आमच्या थांब्यावर तुमची खुर्ची दिसली. छत्री होती, बाटली होती. तुमचाच पत्ता नव्हता."

त्याचा घास हातातच राहिला. "जरा बाजूला गेलो होतो."

"तेच म्हटलं मी. एक जण खुशाल बसायला निघाला होता त्या खुर्चीवर. मी म्हटलं, सरकारी खुर्ची आहे बाबा, बसलास तर मोजला जाशील!"

ती हसली, म्हणून तोही हसला. जेवण झाल्यावर वर जाऊन त्यानं पिशवीतून तक्ता काढला. दोन पन्नासच्या फेरीसमोर एक लिहिला होता. त्या बसला वहिनी चढली होती, हे आता ठाऊक झालं होतं. ठाऊक झालेलं लिहायला नको? थांब्यावरचं पेन निळं होतं, घरातलं काळं. त्यानं काळ्या पेनानं एकाचा दोन केला, आणि त्याला बरंही वाटलं.

पाच महिन्यांनी फलक लागला: टेकडीच्या मार्गावर दुपारी दीड ते चार वीस या वेळातल्या सर्व फेऱ्या पुरेशा प्रवाशांअभावी बंद. धुलाईची पाळी अडीचला सुटायची. आठ तास वाफेत उभं राहून झाल्यावर बायकांपुढं दोनच वाटा उरल्या: पावणेदोन तास थांब्यावर बसा, नाहीतर सव्वातीन किलोमीटर चढ पायी चढा. घरी कोणाचं आजारी माणूस होतं, कोणाची मुलं शाळेतून येऊन दाराशी ताटकळायची. बायका चालू लागल्या. वहिनीचे पाय संध्याकाळी घोट्यापाशी सुजलेले दिसू लागले. बादलीत पाय सोडून ती म्हणायची, "तुम्ही तर नीटच मोजलं असणार. वर बसलेल्या कोणीतरी आकडा फिरवलाय. तुम्ही साधे, तुमच्या लक्षात नाही यायचं. जरा शोध घ्या."

"बघतो," तो म्हणायचा. दीड महिना तो नुसता बघत होता. बादलीतल्या पायांकडे मात्र त्यानं बघायचं टाळलं.

शेवटी वहिनीनंच हरकतीचा अर्ज केला आणि सुनावणी लागली. तळमजल्यावरच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला अधिकारी बाई, त्यांच्या शेजारी लिहून घेणारा कारकून आणि टोकाला तक्त्यांचा गठ्ठा घेऊन तराजू. समोर वहिनी आणि तिच्या सोबत एक इस्त्रीवाली, जिला हळू बोलणं जमत नसे.

"दोन पन्नासला आम्ही अकरा जणी चढायचो," वहिनी म्हणाली. "सुट्टीचा दिवस सोडून रोज."

"मोजणीत दोन आहेत," बाई म्हणाल्या.

"दोन?" इस्त्रीवाली उसळली. "मग बाकीच्या नऊ जणी काय भुतं होतो?"

कारकून हसला आणि बाईंनी पाहताच गप्प झाला.

"हे बघा," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुमचे हाल होतात हे मला कळतंय. पण मी आज तोंडी सांगण्यावर बस दिली, तर उद्या वजनदार माणसाच्या तोंडी सांगण्यावरही द्यावी लागेल. म्हणून तर नियम केला. मोजणी चुकली असं दाखवा, मी आजच फेरमोजणी लावते."

"मोजणी नाही चुकली, मॅडम. मोजणी माझ्या दिरांनी केलीय, हे बसलेत ते. अकराचे दोन करणारा माणूस नाही तो." वहिनीचा आवाज चढला. "पुढं कोणाच्या तरी हातात गेल्यावर आकडा बदललाय. त्यांच्या सहीखाली कोणी काय केलं, ते शोधा तुम्ही."

तराजूनं गठ्ठा आपल्याकडे ओढून धरला. गठ्ठ्यातून तो तक्ता बाईंनीच ओढून काढला आणि वहिनीपुढं सरकवला. "अक्षर ओळखता?"

ओळखणार नाही तर काय. भावाच्या मृत्यूनंतरचे सगळे कागद, नोकरीचा अर्ज, अगदी हा हरकतीचा अर्जसुद्धा तिनं त्याच्याचकडून लिहवून घेतला होता. तिचं बोट तारखेवर गेलं, वेळांच्या रकान्यातून खाली उतरलं आणि दोन पन्नासपाशी थांबलं. निळ्या एकावर घरातल्या पेनाचा काळा दोन, आणि त्या दिवशीची ती रिकामी खुर्ची. बोट तिथून हलेना.

"त्यांचंच आहे," ती म्हणाली. मग तक्ता परत सरकवत, "म्हणजे आमचंच चुकलं असेल, मॅडम. त्या दिवशी आलो नसू सगळ्या जणी."

"अगं, काय बोलतेस!" इस्त्रीवाली ओरडली. वहिनीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

ती तराजूकडे बघत नव्हती. तिनं रागानं एकदा पाहिलं असतं तरी त्याला सोसलं असतं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती आणि तिचे पाय, तेच पाय, टेबलाखाली एकमेकांवर घासत होते.

"मग हरकत मागे घेतली असं लिहू?" कारकुनानं विचारलं.

"मी नव्हतो," तराजू म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोला, लिहायचंय."

"मी नव्हतो तिथं."

"तिथं म्हणजे?"

"खुर्चीवर. पाच फेऱ्या. आकडे मनानं टाकले."

कारकुनाचं पेन वर राहिलं. "मग होता कुठं?"

"वाचनालयात."

"काय करत होता?" हे बाईंनी विचारलं.

"वाचत होतो," तो म्हणाला, आणि आपल्या तोंडून हा शब्द इतका केविलवाणा कधी निघाला नव्हता असं त्याला वाटलं. चोरानं निदान काहीतरी घरी नेलं असतं.

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तक्ता शांतपणे बाजूला ठेवला. "फेरमोजणी सोमवारी. तुम्ही नाही जायचं. चौकशी होईपर्यंत ऑफिसलाही येऊ नका." मग गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे बाकीचे?"

"ते सगळे खरे आहेत, मॅडम."

"कशावरून?"

तेवीस वर्षांचे एकोणीस, सदतीस, त्रेचाळीस त्या गठ्ठ्यात गप्प पडून होते. त्यांच्या बाजूनं बोलायला त्याची सही होती फक्त.

सुनावणी संपली तेव्हा साडेतीन वाजले होते. टेकडीवर जायला बस नव्हतीच. इस्त्रीवाली त्याच्याकडे न बघता झपाझपा पुढं निघून गेली. वहिनी आणि तो मागं राहिले. हा चढ तो पायी कधीच चढला नव्हता. पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली, आणि या बाया आठ तास उभं राहून मग हे चढतात, हे त्याच्या पोटऱ्यांना आत्ता कळत होतं. अर्ध्या वाटेवर वहिनी एका कठड्यावर बसली आणि चपला काढून पाय चोळू लागली. तो समोर उभा राहिला. बसायचं धाडस झालं नाही.

"पुस्तक तरी चांगलं होतं का?" तिनं विचारलं.

वाईट होतं म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढंच ओझं हलकं. पण आज आणखी एक आकडा बदलायची त्याच्यात ताकद नव्हती.

"चांगलं होतं," तो म्हणाला. "फारच चांगलं होतं, वहिनी."

चपला घालून ती उठली. तिनं पिशवी उचलायच्या आत त्यानं ती घेतली. पिशवीत डब्याशिवाय कामावरचे ओले कपडे होते, चांगली जड होती. दहा-वीस पावलं ती तशीच चालली.

"चौकशी होईपर्यंत तुम्हाला ऑफिस नाही ना?"

"पुढंही नाही बहुतेक."

"मग उद्यापासून अडीचला खाली येत जा," ती मागं न बघता म्हणाली. "पिशव्या अकरा असतात. खरं वाटत नसेल तर मोजून घ्या."