मठाच्या विहिरीवरचं इंजिन

मुरुमच्या मठासाठी महालिंगप्पा सावकारांनी विहीर खणायला घेतली होती आणि पंपाच्या इंजिनावर मी होतो, व्यंकट. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. निजामाच्या मुलखाची नाकेबंदी झालेली, इंजिनाला लागणारं क्रूड तेल औषधालाही मिळेना. गावातल्या पिठाच्या गिरणीला मी खानावळीतलं तळून उरलेलं शेंगतेल फडक्यातून गाळून, कोमट करून पाजायचो. गिरणी सुरळीत चालायची. इंजिनाला जातपात नसते, ती माणसांना लागते.

त्या दुपारी कडेचा दगड सुटला आणि तळाशी खणणाऱ्या बिरदेवाचा पाय त्याखाली अडकला. झरा जबर होता. पंप चालू होता तोवर पाणी कमरेला राहत होतं. चौघं जण छिन्नीनं दगड फोडत होते, अजून तासाभराचं काम होतं. आणि क्रूड संपत आलं.

मी खानावळीच्या तेलाचा डबा उचलला. महालिंगप्पांनी माझा हात धरला.

"त्यात मटण तळलंय. देवाच्या इहिरीवर न्हाय चालायचं. मठातल्या पंगतीचं जवसाचं तेल उरलंय, ते वत."

"मालक, जवसाचं तेल चिकटतंय. सुतार दाराला लावतो, त्याची साय धरती."

"तू मला शिकवतूस?"

मी जवसाचं तेल ओतलं. पाव तास इंजिन खणखणीत चाललं. मग काळा धूर आला, धापा लागल्या आणि ते बंद पडलं. तेल फवारणारं नोझल खोललं तर आत डिंकासारखा चिकटा. मी तो सुईनं, नखांनी ओरबाडत राहिलो. पाणी गळ्याला आलं तसे चौघं दोराला धरून वर आले. बिरदेव आधी मला हाका मारत होता, मग देवाला. मग हाका थांबल्या.

दुसऱ्या दिवशी प्रेत काढायला विहीर उपसायची होती. महालिंगप्पा खाली मान घालून म्हणाले, "कुठलंबी तेल घाल." नोझल साफ करून बसवल्यावर खानावळीच्या तेलावर इंजिन संध्याकाळपर्यंत न कुरकुरता चाललं. मला त्या आवाजाची शिसारी आली.

बिरदेवाची बायको गौराबाई काठावर बसून होती. मी जवळ गेलो.

"वहिनी, म्या सांगितलं हुतं मालकास्नी. त्यांनी ऐकलं न्हाय."

"वतलं कुणी?"

"म्या."

ती उठली आणि बिरदेवाला ठेवलं होतं तिकडं गेली.